जळगाव ते उधना: ३२० किलोमीटर आणि सॉकेटचं तिसरं भोक

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आठवड्याभरात आमच्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं, सुरतेला, उधन्यात. खानदेशी माणसाला सुरत परकी नाही. यंत्रमागाच्या कामाला गेलेली आमची दोन-तीन पिढ्यांची माणसं उधना, लिंबायत, पांडेसरा भागात राहतात आणि तिथल्या गल्ल्यांत आजही अहिराणी कानावर पडते. एरवी आम्ही ताप्ती लाइनच्या गाडीने जातो. या वेळी साडूभाऊंनी चार महिन्यांपूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक गाडी काढायचं ठरवलं आणि घरात दोन तट पडले. तोपर्यंत त्या गाडीने जळगाव-भुसावळ रोज केलं होतं, एकदा पद्मालय, बस. "घाटात बंद पडली तर लग्नाचा बस्ता घेऊन रस्त्यावर बसायचं का?" हा आमच्या मंडळींचा सवाल.

माझा धंदा वायरिंगचा. बावीस वर्षं जळगावात घरांची, दुकानांची, केळी पिकवायच्या चेंबरांची वायरिंग करतो. त्यामुळे "विजेचं तेवढं तुम्ही बघा" म्हणून तयारी माझ्या गळ्यात पडली. हे त्या एका प्रवासाचं प्रकरण. हिशेब कुठे जुळला, कुठे फसला आणि एक चूक माझ्याच धंद्यात कशी झाली, ते जसंच्या तसं मांडतो.

गाडी आणि तिची भूक

बॅटरी ४० युनिटची. किलोवॉट-तास म्हणा किंवा युनिट, गोष्ट एकच. विजेच्या बिलात जो युनिट येतो तोच हा. मी मुद्दाम सगळीकडे युनिटच लिहितो, कारण त्या शब्दात बायकोपासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना हिशेब कळतो. कागदावर गाडी एका चार्जिंगमध्ये साडेचारशेच्या पुढे जाते. तो आकडा ठरावीक चाचणीतला. त्या चाचणीत मे महिना नसतो, पाच माणसं नसतात आणि कुरडयांचे डबे तर नसतातच.

म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधी आम्ही पारोळ्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. रस्ता तोच, वेळ तीच, एसी २५ वर. पहिल्या फेरीत काटा ८० वर धरला, दुसऱ्या फेरीत १०० वर. पहिल्या दिवशी एका युनिटला ६.९ किलोमीटर पडले, दुसऱ्या दिवशी ५.५. साडूभाऊ कॉलेजात इतिहास शिकवतात. त्यांना हे पटेना. वेग पाव पटीने वाढवला तर एवढं काय बिघडलं? बिघडतं ते हवेमुळे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० चे १०० केले की वेग सव्वा पट होतो, पण हवेचा रेटा दीडपटीच्या पुढे जातो. डिझेल गाडीतही हेच होतं, पण तिथे टाकी मोठी आणि पंप दर दहा किलोमीटरवर, म्हणून कुणी मोजत बसत नाही.

आता घाटाची भीती. साक्रीच्या पुढे दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो. जाताना उतार, येताना चढ. माणसांसकट गाडी १८०० किलो धरली, तर १०० मीटर उंची चढायला अर्धा युनिट लागतो. मोटरमधली घट धरून थोडा जास्त. म्हणजे पुरते ४०० मीटर सलग चढली तरी सव्वादोन युनिट, बॅटरीच्या सहा टक्क्यांच्या आत. शिवाय उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून त्यातला बराच भाग परत देते. हे मी कागदावर मांडून दाखवलं. मंडळींनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "घाटात कागद ढकलायला येणार आहे का?"

रुखवत टपावर की डिकीत

निघायच्या आदल्या शनिवारी दोघी बहिणींनी ओसरीवर सामान मांडलं. उडदाचे पापड, बिबड्या, दादरचं पीठ, भरताची वांगी, केळीचे दोन घड, शिवाय रुखवताचं स्टीलचं आणि पितळेचं सगळं. साडूंनी टपावर कॅरिअर बसवायचा घाट घातला होता. मी तो मोडून काढला. पन्नास किलो वजन डिकीत टाकलं तर सपाट हायवेवर गाडीला ते जाणवतही नाही. तेच टपावर ताडपत्रीत बांधलं की समोरून येणाऱ्या हवेला भिंत उभी राहते आणि तो दंड प्रत्येक किलोमीटरला भरावा लागतो. शेवटी पितळी पिंप मागच्या सीटवर पोराच्या पायाशी आलं, पिंपात पापड, पापडांवर टॉवेल.

मी मात्र डिकीत एक भेंडोळं टाकलं: तीन तारांची, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, २५ मीटर. सोबत एक पेटी, तिच्यात २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) आणि १५ अँपिअरचं दणकट सॉकेट. धाकटी म्हणाली, "भाऊजी, त्या जागेत कुरडयांचा एक डबा बसला असता." बसला असता, खरं आहे.

फोन कुणाला करायचा

रस्ता असा: जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, पुढे कुसुंबा, नेर, साक्री, दहिवेल, घाट उतरून विसरवाडी, नवापूर, मग गुजरातेत सोनगढ, व्यारा, बारडोली, सुरत. धुळ्यापर्यंत साधारण ९३ किलोमीटर, तिथून नवापूर ११०, नवापूर ते सोनगढ ३० आणि पुढे उधन्यापर्यंत ९० च्या आसपास. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन असावं असं लिहिलं होतं. ते धोरण झालं. आपण मोजायची ती रस्त्यावर आज उभी असलेली आणि आज चालणारी गन, म्हणजे गाडीत खुपसायचा चार्जिंगचा प्लग.

आमच्या गाडीला फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ जातीची गन लागते. ॲपमध्ये तेवढ्याच जातीच्या गाळून आम्ही चार जागा काढल्या: धुळ्यात एक, नवापूरच्या अलीकडे एक, सोनगढला एक, बारडोलीला एक. वेगवेगळ्या तीन ॲपची खाती आधीच उघडून प्रत्येकात तीनशे रुपये भरून ठेवले. घाटाच्या पायथ्याशी नेटवर्क नसताना ओटीपीची वाट बघत उभं राहण्यात काही मजा नाही.

मग फोन. इथे माझी पहिली चूक. नवापूरच्या स्टेशनसाठी मी ॲपवरच्या कॉल सेंटरला फोन केला. तिकडून गोड आवाजात "चालू आहे सर, दोन्ही गन उपलब्ध आहेत" असं उत्तर आलं आणि मी वहीत बरोबरची खूण केली. सोनगढच्या बाबतीत मात्र शेजारच्या चहावाल्याचा नंबर मिळाला. त्याला विचारलं, "आज सकाळपासून किती गाड्या लागल्या?" तो म्हणाला, "दोन. एक सुरतेची, अर्ध्या तासात गेली. दुसरी आत्ता उभी आहे." हे खरं उत्तर. कॉल सेंटरवाल्याच्या पडद्यावर मशीन जिवंत दिसतं, पण गाडीत वीज जाते की नाही हे त्याला तिथून दिसत नाही. जागेवरच्या माणसाला "चालू आहे का" असंही विचारू नये. आपल्याकडे नाही म्हणायला जीभ वळत नाही. "शेवटची गाडी कधी भरली" हेच विचारावं.

तरी मनात किंतु होता म्हणून नवापूरजवळच्या एका ढाब्यालाही फोन करून ठेवला. जेवायला येऊ, गाडी १५ अँपिअरच्या पॉइंटवर लावू, युनिटमागे वीस रुपये देऊ. मालक घाबरला: "वीज विकली म्हणून महावितरणवाले पकडतील ना?" त्याला सांगितलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा धरली जाते, त्याला वीज विकायचा परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि तुझं मीटर व्यापारी आहे. तो "या मग, शेवभाजी चांगली मिळते" म्हणाला.

सगळ्यात शेवटी उधन्याला. मेव्हण्यांना म्हटलं, खालच्या पार्किंगमधल्या सॉकेटचा फोटो पाठवा. पाच मिनिटांत आला. जाड तीन भोकांचं सॉकेट, नवं, झकास. मी त्यावरही बरोबरची खूण केली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

पाचला निघायचं होतं

आदल्या रात्री गाडी १०० टक्के भरली. आमची बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जातीची. तिच्या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे गाडीला टक्क्यांचा अंदाज नीट लागावा म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरावीच लागते. टायरची हवा थंड असताना बघितली. स्टेपनी या गाडीला नाहीच, म्हणून पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप. दिवे-काच चालवणारी बारा व्होल्टची लहान बॅटरीही मीटर लावून पाहिली, कारण ती मेली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

बेत पहाटे पाचचा होता. वारा झोपलेला, ऊन नाही, दहाच्या आत घाट उतरलेला. पण चोपड्याहून येणाऱ्या मावशींनी आहेराची साडी द्यायची होती आणि त्यांची एसटी चुकली. साडी आली तेव्हा साडेआठ वाजले होते. त्या साडेतीन तासांची किंमत पुढे मोजली गेली.

धुळ्याला पोचलो तेव्हा बॅटरी ६४ टक्के. आम्ही आधीच ठरवलं होतं की धुळ्यात ६२ च्या खाली असलो तर तिथेच भरायचं, नाहीतर सरळ पुढे. मी म्हटलं, उशीर झालाय, वारा सुटेल, वीस मिनिटं लावू आणि नाश्ता करू. साडू म्हणाले, नियम म्हणजे नियम, ६४ म्हणजे पास. मास्तर माणूस. मीही फार ताणलं नाही, कारण आकडा मीच काढला होता. तो आकडा पहाटेच्या हवेचा होता हे आठ वाजून तीस मिनिटांनीच बदलायला हवं होतं.

नेर सोडलं आणि गाडी जड झाल्यासारखी वाटायला लागली. साक्री तालुक्याच्या पठारावर ब्राह्मणवेल-छडवेलकडे पवनचक्क्यांचं रान उभं आहे. त्या तिथे उगाच रोवलेल्या नाहीत. उन्हाळा तापला की पश्चिमेचा वारा दुपारी या पठारावर धो धो वाहतो. आम्ही पश्चिमेला निघालेलो आणि डोंगरावरच्या साऱ्या पवनचक्क्यांच्या पाठी आम्हाला दिसत होत्या. म्हणजे त्यांची तोंडं वाऱ्याकडे, वारा आमच्या तोंडावर. पोरगं मागून म्हणालं, "पप्पा, किती जोरात फिरताहेत बघा!" साडू बघत होते, पण टक्क्यांकडे.

गाडी ८० ने चालते आणि समोरून २० चा वारा येतो, तेव्हा हवेच्या दृष्टीने ती १०० नेच पळत असते. पारोळ्याच्या दुसऱ्या फेरीत जेवढी खाल्ली तेवढी तिने इथे ८० वर खाल्ली, आणि वर ४२ अंशांतला एसी. एका युनिटला ४.९ किलोमीटर. दहिवेलला काटा २८ वर आला. धुळ्यापासून ७० किलोमीटरला ३६ टक्के! तिथे आम्ही वेग ६५ वर आणला. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. जाऊ दिले.

घाटात उलटंच झालं. ज्या घाटाची धास्ती होती तो आम्हाला सुखाचा गेला. उतारावर पाय उचलला की मोटर गाडीला धरून ठेवायची, ब्रेकला हात लावायची गरज नव्हती, आणि एका वळणावर टक्का एकाने वर गेला. मंडळी पहिल्यांदा हसल्या. घाट आणि पुढचा रस्ता धरून ४० किलोमीटरला १४ टक्के. नवापूरच्या अलीकडच्या स्टेशनवर गाडी लावली तेव्हा बॅटरी बरोबर १४.

पहिल्या गनचा पडदा काळा. दुसरी लागली, "चार्जिंग सुरू" झालं आणि दोन मिनिटांत बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद. मशीनच्या पाठीला हात लावून पाहिला तर तवा. पत्र्याचं छप्परसुद्धा नव्हतं वर. पंपावरचा पोरगा म्हणाला, "दुपारी नहीच चालस हाई. सकाळी चालस." ॲपवर अजूनही दोन्ही गन हिरव्या.

१४ टक्के म्हणजे साडेपाच युनिट. सोनगढ तीस किलोमीटर. एसी बंद करून साठने गेलो असतो तर पोचलो असतो, पण हातात चार-पाच टक्केच उरले असते, आणि तिथेही गन मेलेली निघाली तर संपलं. इथे तो ढाबा कामाला आला. तीन किलोमीटर पुढे जाऊन गाडी त्याच्या गोठ्याशेजारी लावली. सॉकेटमध्ये आधी टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन तारा लावलेला बल्ब, घातला: फेज-न्यूट्रलला पेटला, फेज-अर्थलाही तसाच लख्ख पेटला, म्हणजे अर्थची तार जमिनीपर्यंत नीट पोचलेली. मग गाडीबरोबर मिळालेला चार्जर. व्होल्टेज २०५ होतं, पण चाललं. अर्ध्या तासाने प्लगला हाताच्या पालथ्या बाजूने हात लावून बघितला. कोमट होता, ठीक. असा प्लग पंधरा अँपिअरच्या जवळ तासन् तास ओढतो. मिक्सर-इस्त्रीपुरतं बसवलेलं स्वस्त सॉकेट त्यात वितळतं, म्हणून ही सवय.

एक तास चाळीस मिनिटं. शेवभाजी, भाकरी, ताक, आणि बॅटरी २५ वर. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, हे पोराला सांगून झालं. मालकाने पाच युनिटचे शंभर घेतले आणि पुढच्या वेळेला बोर्ड लावतो म्हणाला.

सोनगढला १५ टक्क्यांनी पोचलो. चहावाल्याने ओळखलं: "फोनवाले काका ना?" तिथल्या गनने ५२ मिनिटांत ७२ वर नेलं. बिल जीएसटी धरून सहाशेला थोडं कमी. ऐंशीच्या पुढे भरत बसलो नाही. बॅटरी भरत आली की चार्जिंगचा वेग पडतो, शेवटच्या वीस टक्क्यांना पहिल्या पन्नासाएवढा वेळ जातो. उधन्याला संध्याकाळी ३९ टक्के उरले. दिवसभरात बॅटरीतून सुमारे ५२ युनिट गेले होते.

फोटोत न दिसलेली तार

लग्नघरात हळदीची गडबड. रात्री नऊला खाली पार्किंगमध्ये जाऊन चार्जर लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल.

फोटोतलं ते झकास नवं सॉकेट. टेस्ट लॅम्पची एक तार फेजला, दुसरी वरच्या मोठ्या भोकात. बल्ब मेल्यासारखा. सॉकेट उघडलं तर फेज आणि न्यूट्रलच्या तारा बसलेल्या आणि अर्थचा स्क्रू नवाकोरा, त्याला तारच नाही. तिसरं भोक फक्त प्लग नीट बसावा म्हणून. मेव्हणे शेजारी उभे. "दाजी, लाईट ते शे, मंग गाडी का बरं चार्ज व्हत नही?" त्यांचं बरोबर होतं. त्याच सॉकेटवर त्यांचा व्हॅक्युम पंप, ड्रिल मशीन वर्षभर चाललं होतं. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थ आहे का ते तपासतो, आणि नसेल तर आतला रिले जोडतच नाही.

मी बावीस वर्षं लोकांना अर्थिंग करून देतो. आणि फोटो बघून खूण केली. एवढंच सांगायला हवं होतं की जवळच्या वायरमनला शंभर रुपये द्या आणि फेज ते अर्थ बल्ब पेटवून त्याचा फोटो पाठवा. सॉकेटचा नको, पेटलेल्या बल्बचा.

मांडवाच्या लाइटिंगचा वायरमन तिथेच होता, चुणचुणीत पोरगा. तो म्हणाला, "काका, सोपं आहे. न्यूट्रलवरून एक तुकडा अर्थच्या पिनला जोडतो. चार्जर फसतो. मी कितीतरी गाड्यांना करून दिलंय." त्याने तुकडा सोलायलाही घेतला. मी त्याचा हात धरला.

चार्जर फसतो हे खरं. पण त्या तुकड्याने गाडीचा सगळा पत्रा न्यूट्रलला बांधला जातो. जुन्या बिल्डिंगमध्ये कुठेतरी येणारी न्यूट्रल तुटली, किंवा कुणी कधी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असले, तर तो पत्रा थेट २३० व्होल्टवर. गाडी रबराच्या चाकांवर उभी, तिला काही होत नाही. होतं ते पहाटे सडा घातलेल्या ओल्या फरशीवरून अनवाणी येऊन दार उघडणाऱ्याला. लग्नाचं घर, गाडीभोवती रात्रभर लेकरं खेळणार. आणि अशा जोडणीत गळतीच्या वेळी सप्लाय तोडणारी चार्जरमधली सोयही भरवशाची राहत नाही. पोराला हे मी ओरडून नाही, वर्तमानपत्रावर चित्र काढून सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, "मग आधीच्या गाड्या?" त्याला मी काय सांगणार?

बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत गेलो. तिथे जमिनीतून आलेली मूळ अर्थची पट्टी होती, गंजलेली पण अखंड. घासून लॅम्प लावला तर लख्ख. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला फरक मोजला: दोन व्होल्ट, चांगलं. मेव्हण्यांच्या मीटरनंतरच्या स्विचमधून माझी पेटी जोडली, अर्थ थेट पट्टीवर घेतली आणि ते २५ मीटरचं भेंडोळं भिंतीच्या कडेने गाडीपर्यंत नेलं. पूर्ण उलगडून, गुंडाळलेल्या केबलमधून रात्रभर करंट नेला तर वेटोळी एकमेकांना तापवतात. सव्वादहाला हिरवा दिवा लागला. धाकटी जिन्यातून बघत होती. कुरडयांच्या डब्याविषयी ती काही बोलली नाही. सकाळी सव्वासातला गाडी १०० वर होती.

परतीचे आकडे

लग्न लागलं, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. या वेळी खरोखर साडेचारला. मंडळींनी स्वतः सगळ्यांना उठवलं. सोनगढला चहा आणि वीस मिनिटं गन, ८५ टक्के. नवापूरला थांबलोच नाही. धुळ्यात नाश्ता आणि पुन्हा अर्धा तास. पावणेबाराला जळगावात घरी.

साडूभाऊंनी टप्प्याटप्प्याचे आकडे वहीत उतरवले होते, त्यातले दोनच इथे देतो. नवापूर-दहिवेल, म्हणजे घाटाचा टप्पा: जाताना उतरून ५.६ युनिट, येताना चढून ७.८. सव्वादोन युनिटचा फरक. आणि धुळे-दहिवेल, म्हणजे पठाराचा टप्पा: जाताना भर दुपारी वाऱ्याच्या तोंडावर १४.४, येताना सकाळी आठला, वारा पाठीशी घेऊन, ८.८. साडेपाचावर युनिटचा फरक. ज्या घाटापायी घरात दोन तट पडले त्याने सव्वादोन खाल्ले, आणि मावशींच्या चुकलेल्या एसटीने साडेपाच. अख्खी परतीची वाट ४७ युनिटांत झाली, घाट चढूनसुद्धा.

पुढच्या प्रवासासाठी आमच्या वहीत तीन बदल झाले. धुळ्याचा ६२ चा आकडा काढून टाकला, तिथे लिहिलं आहे, "नऊच्या आधी ६०, नऊनंतर ७५." स्टेशनच्या नावापुढे आता कॉल सेंटरचा नंबर नाही, शेजारच्या टपरीचा किंवा पंपावरच्या पोराचा आहे. आणि मुक्कामाच्या घराच्या रकान्यात "सॉकेट" खोडून "पेटलेला बल्ब" लिहिलंय.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधी मेव्हण्यांचा व्हॉट्सॲप आला. पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा खणून त्यांनी नवी अर्थिंग करून घेतली होती, त्याच मांडववाल्या पोराकडून. फोटोत सॉकेटच्या तिसऱ्या भोकात तार, तार होल्डरला, होल्डरमध्ये शंभरचा बल्ब, भर उजेडात पिवळाधमक पेटलेला. खाली लिहिलं होतं: "दाजी, आते या."